पाणी कोण काढून राह्यलं?

जर्मनीतल्या एसेनच्या त्सोलफेराइन या बंद कोळसा खाणीत फेरी संपवताना गाइड विचारतो, काही प्रश्न? लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. मनोरा किती उंच, शेवटचा कोळसा कधी निघाला, लग्नासाठी हॉल भाड्यानं मिळतो का. त्या दिवशीही तेच चाललं होतं. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या बाबांनी वर्गात करतात तसा हात वर केला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "त्याले विचार, खालचं पाणी कोण काढून राह्यलं आता?" मी जर्मनमध्ये विचारलं. गाइड साठी ओलांडलेला, तरुणपणी स्वतः खाली उतरलेला माणूस. तोवर तो पाठ झालेले विनोद सांगत होता, ते सांगायचं थांबला. तुमचे वडील काय करायचे, असं त्यानं मला विचारलं. भूमिगत खाणीत पंपावर होते, म्हटलं. मग त्यानं इतरांकडं पाठच फिरवली. बाबा वऱ्हाडीत, तो रूर या तिथल्या खाणपट्ट्याच्या बोलीत, मधे मी. बाकीची मंडळी थोडा वेळ सभ्यपणे थांबली आणि एकेक करून कॉफीकडं निघून गेली.

हा प्रश्न मला पुढं कित्येक दिवस सोडेना. मी डसेलडॉर्फला राहते. भारतातून कुणी आलं की त्यांना त्सोलफेराइनला नेणं हे माझ्या घरचं ठरलेलं काम. हिवाळ्यात तिथं कोकभट्ट्यांच्या रांगेला लागून दीडशे मीटर लांबीचा बर्फाचा पट्टा करतात, त्यावर पोरं स्केटिंग करतात आणि रात्री भट्ट्यांवर लाल दिवे सोडलेले असतात. उन्हाळ्यात त्याच आवारात शिपिंग कंटेनर जोडून केलेला पोहण्याचा हौद उघडतो. नाच, मैफली, प्रदर्शनं, सगळं बघून झालंय. तिथली माहिती मी पाहुण्यांना घडाघडा सांगते. पण ज्या गवतावर आम्ही सतरंजी टाकून बसतो त्याच्या खाली शेकडो मीटर खोल पोकळ्या आहेत, आणि जमिनीतली पोकळी कधी कोरडी राहत नाही, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. बाबांच्या मनात त्याशिवाय दुसरं काही आलंच नाही.

तसं बघायला गेलं तर त्सोलफेराइन बघणाऱ्याला खाली बघूच देत नाही. नजर वर जाते ती बारा नंबरच्या शाफ्टवरच्या, म्हणजे खाणीच्या उभ्या विवरावरच्या, माल वर खेचणाऱ्या हेडगिअरकडं. ५५ मीटर उंच, चार तिरक्या पायांचा, गंजाच्या रंगात रंगवलेला पोलादी सांगाडा. त्याच्या पुढं चौकोनी हिरवळ, दोन्ही बाजूंना विटांच्या आणि पोलादी पट्ट्यांच्या एका उंचीच्या भिंती, सगळं फूटपट्टी लावून आखल्यासारखं. फ्रित्स शुप आणि मार्टिन क्रेमर या दोन वास्तुविशारदांनी हे उभं केलं आणि १९३२ मध्ये ते सुरू झालं. त्या काळात जगातली सगळ्यात आधुनिक कोळसा खाण म्हणून तिचं नाव होतं; दिवसाला १२ हजार टन कोळसा या एका शाफ्टमधून वर यायचा. "जगातली सगळ्यात सुंदर खाण" असं तिथले लोक अजून म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटतं. संध्याकाळचं तिरपं ऊन त्या विटांवर पडलं की कारखान्याच्या आवारात उभं असल्याचा विसर पडतो. राजवाड्यापुढं असतं तसं अंगण मुद्दाम केलं होतं, पाहुण्यांना दाखवायला. गुंतवणूकदार, मंत्री, परदेशी इंजिनिअर यांनी दारातून आत यावं आणि बघत राहावं म्हणून.

बाबांनी हेडगिअरला मनापासून दाद दिली. आमच्याकडच्या त्यांच्या खाणीला हेडगिअर नव्हतं. ती इन्क्लाइन होती, उतारावरून चालत खाली जायची. "माल भारी आहे," म्हणाले. मग जरा वेळानं, "पण माणसं कुठून उतरत होती? लॅम्प रूम दिसत नाही. हाजरीची खिडकी नाही."

बरोबर होतं त्यांचं. बारा नंबरच्या शाफ्टमधून फक्त कोळसा वर यायचा. खाली जाणारी माणसं आसपासच्या जुन्या शाफ्टांवर कपडे बदलायची, तिथूनच उतरायची आणि तिथूनच वर यायची. म्हणजे पोस्टकार्डांवर, मगांवर, टी-शर्टांवर जो मनोरा आहे, ज्याला सगळा रूर प्रदेश आपली ओळख मानतो, त्याच्या खालून कामगारांची पाळी कधी सुटलीच नाही. माझ्यासारख्या वर्षानुवर्षं जाणाऱ्या बाईला हे एका पाटीवर वाचून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. बाबांनी अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या हाजरीची खिडकी शोधली.

बल्लारपूरकडच्या एका कॉलनीत मी वाढले. भोंगा तीनदा वाजायचा आणि आमचं घड्याळ तेच. संध्याकाळी प्रत्येक दारासमोर कोळशाची सिगडी पेटवून ठेवलेली असायची, कारण कोळसा कंपनीकडून मिळायचा, त्याला पैसे पडत नव्हते. पेटताना सिगडी घरात घ्यायची नाही, धूर निवून निखारा लाल झाला की मग उचलायची. थंडीत साऱ्या कॉलनीवर तो पिवळसर धूर खाली दबून बसायचा आणि त्यातून सायकली यायच्या, आधी डायनामोचा दिवा, मग माणूस. बाबा पंप खलाशी. खाणीत कोळसा फोडणाऱ्याला, सुरुंग उडवणाऱ्या शॉटफायररला, देखरेख करणाऱ्या ओव्हरमनला काही एक रुबाब असतो. पंपवाल्याला नाही. तो सगळ्यांत खालच्या जागी, जिथं पाणी जमतं तिथं, एकटा बसतो. सक्शनच्या जाळीत कचरा अडकला की काढायचा, ग्लँडमधून पाणी गळायला लागलं की आवळायचा, फूट व्हॉल्व्हनं दगा दिला की गुडघाभर पाण्यात उतरायचं. वर्धा खोऱ्यात कोळशावर जो वाळूचा दगड आहे तो पाणी धरून असतो, त्यामुळं आमच्याकडच्या खाणींत पावसाळा वर संपला तरी खाली संपत नाही. बाबांच्या अंगाला कोळशाचा वास कमी आणि गाळाचा जास्त यायचा. पायाच्या बोटांच्या बेचक्या कायम पांढऱ्या, सुरकुतलेल्या. आई रात्री खोबरेल तेल लावायची आणि दरवेळी तेच म्हणायची, की याच्यापेक्षा मासे धरले असते तर कालवणाची तरी सोय झाली असती.

ते जिथं बसायचे ती जागा मी बघितलेली नाही.

बाईनं खाणीत उतरायचं नाही, हा कायदाही होता आणि समजही. १९५२ च्या खाण कायद्यानं स्त्रियांना जमिनीखालच्या कामाला बंदी होती. ती शिथिल झाली २०१९ मध्ये. कायदा कुणी वाचला नव्हता, पण बाई आत गेली की छत बसतं, हे कॉलनीत सगळ्यांना पाठ. आम्ही मुली तोंडापर्यंत जायचो, डबा द्यायला. उताराच्या तोंडाशी उन्हाळ्यातही गार, ओलसर हवेचा झोत लागायचा आणि त्यात आतून भिजलेल्या लाकडाचा वास. तिथून पुढं अंधार. माझा भाऊ एकदा कुणाच्या तरी वशिल्यानं आत जाऊन आला आणि पुढं वर्षभर आमच्यावर त्याचा भाव खाल्ला. त्यामुळं जर्मनीत आल्यावर तिकीट काढून, ऑडिओ गाइड कानाला लावून मी खाणीत शिरले तेव्हा जो आनंद झाला त्यात थोडी खुन्नसही होती, हे कबूल करते.

पण खाणीत कुठं शिरले? त्सोलफेराइनमध्ये जमिनीखाली कुणालाच नेत नाहीत. जे जपलंय ते सगळं जमिनीवरचं. तुम्ही जाता ते कोळसा धुण्याच्या प्रचंड इमारतीत. बाहेरून नारिंगी रंगाचा लांबलचक सरकता जिना तुम्हाला थेट २४ मीटर उंचीवर नेऊन सोडतो. ही डच वास्तुविशारद रेम कूलहास यांच्या संस्थेची करामत. तिथून खाली उतरत उतरत रूर संग्रहालय बघायचं. जिन्याच्या कडा आतून अशा पेटवल्यात की वितळलेल्या लोखंडातून उतरतोय असं वाटावं. मधेमधे मूळ यंत्रं तशीच उभी आहेत, गाळण्या, चाळण्या, पट्टे, गिअर, माणसाच्या डोक्याएवढे बोल्ट. कोळसा आणि दगड पाण्यात घालून हलवायचे, हलका कोळसा वर राहतो, जड दगड तळाला जातो, एवढं साधं तत्त्व, पण ते चालवायला अख्खी दहा-बारा मजली इमारत. बाबा पाट्या वाचू शकत नव्हते आणि त्यांना गरजही नव्हती. पाइप कुठून येतो, कुठं जातो, व्हॉल्व्ह कोणत्या बाजूला फिरतो, हे ते बोटानं हवेत रेघा ओढून मला दाखवत होते. मग एका मोटरच्या मागं, दोरीच्या आत हात घालून, त्यांनी बोट फिरवलं आणि बोटाकडं बघितलं. स्वच्छ. मला दाखवलं. "पुसून राह्यले रोज," म्हणाले. त्यात कौतुक होतं की तक्रार, मला ठरवता आलं नाही. बहुतेक त्यांनाही नाही.

मला मात्र ती स्वच्छता हल्ली टोचते. आमच्या कॉलनीत पांढरं कापड दोरीवर वाळत घालणं हा वेडेपणा समजला जायचा. चंद्रपूर–बल्लारपूर पट्ट्यात आजही सकाळी अंगणातल्या तुळशीच्या पानांवर राख असते, औष्णिक वीज केंद्राची चिमणी कोणत्या बाजूला धूर सोडतेय त्यावर किती ते ठरतं. रूरमध्ये हेच होतं. १९६१ च्या निवडणुकीत चॅन्सेलरपदाच्या शर्यतीत असलेल्या विली ब्रांटनं रूरवरचं आभाळ पुन्हा निळं झालं पाहिजे असं म्हटलं, तेव्हा लोक हसले होते म्हणतात. आज तिथं बर्चची पांढऱ्या बुंध्यांची झाडं रुळांमधून वर आलीत, आणि त्या शनिवारी हेडगिअरच्या खाली एक नवरी पांढराशुभ्र, जमिनीवर लोळणारा गाउन घालून फोटोला उभी होती. फोटोग्राफर तिला हनुवटी वर घे म्हणून सांगत होता. बाबा तिच्या गाउनच्या कडेकडंच बघत होते. ती कडा अंगणभर फिरली आणि तशीच पांढरी राहिली.

दुसऱ्या बाजूला, जुन्या शाफ्टावर, कामगारांच्या अंघोळीची आणि कपडे बदलण्याची इमारत आहे. तिथं आता समकालीन नृत्याचं केंद्र आहे. रूरमधल्या खाणींत कपाटं नसायची. छताला कप्प्या, कप्पीवरून साखळी, साखळीच्या टोकाला आकडे आणि टोपली. घरचे कपडे आकड्याला लावायचे, साखळी ओढून वर छताशी न्यायचे आणि खाली कुलूप घालायचं. शेकडो माणसांचे कपडे डोक्यावर लटकत राहायचे, माणसं खाली गेलेली. पाळी सुटली की एकमेकांची पाठ घासायची, कारण स्वतःच्या पाठीवरचा कोळसा स्वतःला निघत नाही. मालकाचा जावई असो की तुर्कस्तानातून कालपरवा आलेला पोरगा, पाठ पुढं करायचीच. तिथले म्हातारे हे फार प्रेमानं सांगतात, आणि मला वाटतं थोडं गोड करूनही सांगतात. तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार १९६१ चा. कोरियातून तर पुढं सुमारे आठ हजार खाण कामगार आले. दोन-तीन वर्षं राबून परत जातील असं धरलं होतं. पाठ घासून दिली म्हणून त्यांना घर भाड्यानं लगेच मिळालं असं नाही. आणि त्याच्याही आधी, युद्धाच्या काळात, या सगळ्या पट्ट्यातल्या खाणींत युद्धकैदी आणि वेठीचे मजूर उतरवले गेले. संग्रहालय ते लपवत नाही, पण त्या दालनात लोक भराभर पुढं सरकतात. मीही सरकते.

एवढं सगळं पाडलं का नाही, हा प्रश्न मला पाहुणे नेहमी विचारतात. पाडणारच होते. २३ डिसेंबर १९८६ ला, नाताळच्या तोंडावर, त्सोलफेराइन बंद झाली. एसेन शहरातली ती शेवटची चालू खाण. १८४७ मध्ये खणायला सुरुवात झालेल्या या खाणीनं सुमारे २४ कोटी टन कोळसा दिला होता. त्यावेळी आसपासच्या कातेर्नबेर्ग वस्तीतल्या किती जणांना वाटलं असेल की हे गंजकं धूड जपून ठेवावं? नोकरी गेलेल्या माणसाला कारखान्याची वास्तुकला दाखवणं हा जरा उद्धटपणाच. पण राज्य सरकारनं जागा विकत घेतली, तिला स्मारकाचा दर्जा दिला, आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू, तुकड्या-तुकड्यानं दुरुस्त्या होत गेल्या. बॉयलरच्या इमारतीचं डिझाइन संग्रहालय झालं, ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी ते करून दिलं. कोक कारखाना १९९३ पर्यंत चालला, तो पाडून पार्टसकट चीनला विकायचं घाटत होतं म्हणतात, ते फिसकटलं. २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. २०१० मध्ये एसेन आणि रूर युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले तेव्हा बाहेरचं जग इथं लोटलं. आता तिथं विद्यापीठाचा विभाग आहे, कार्यालयं आहेत, हॉटेल आहे. खाणीतल्या हजारो नोकऱ्यांची भरपाई त्यातून झाली का? नाही. कातेर्नबेर्गच्या रस्त्यावर फिरलं की कळतं, बंद दुकानांच्या काचा दिसतात. तरी मी या जपणुकीच्या बाजूनं आहे. पाडलं असतं तरी नोकऱ्या परत येणार नव्हत्याच, आणि वर आजोबा कुठं जायचे हे नातवाला दाखवायला वेअरहाउसचं पार्किंग उरलं असतं.

तर पाणी.

गाइडनं बाबांना सांगितलं ते असं. रूरमधल्या खाणी बंद झाल्या तरी पंप बंद करता येत नाहीत. खालचं खाणपाणी खारट असतं. ते मोकाट वर चढलं तर पिण्याच्या पाण्याच्या थरापर्यंत पोचेल. म्हणून ठरावीक ठिकाणांहून ते ठरावीक पातळीच्या खालीच राखायचं. दुसरं म्हणजे, शंभर-दीडशे वर्षं पोटातला कोळसा काढल्यावर वरची जमीन खाली बसली. काही ठिकाणी वीस-पंचवीस मीटरपर्यंत. अख्ख्या वस्त्या बशीच्या तळाशी आल्यासारख्या झाल्या. नदीला वाहायला उतार राहिला नाही. पावसाचं पाणी, ओढ्याचं पाणी, सगळं उचलून बाहेर टाकावं लागतं, नाहीतर रूरच्या मोठ्या भागात तळी होतील. एम्शर नदीचं तर याच कारणानं शंभरेक वर्षं उघडं गटार केलं होतं, कारण जमीन बसत असताना जमिनीखाली गटाराचे पाइप टिकत नव्हते. नदी पुन्हा सांडपाण्यातून मोकळी व्हायला २०२१ उजाडलं. आणि हे उपसणं किती दिवस? गाइड म्हणाला, कायमचं. त्यासाठी २००७ मध्ये एक प्रतिष्ठान काढलंय, एका मोठ्या रसायन कंपनीतल्या त्याच्या भागभांडवलातून दरवर्षी पैसा येतो, त्यावर पंप चालतात.

मी "कायमचं" असं सांगितल्यावर बाबा गप्प झाले नाहीत, उलट खुलले. "कायमचं म्हणजे किती पाळ्या, विचार त्याले." गाइड हसला. "आणि कंपनी डुबली तर?" यावर मात्र तो हसला नाही; खांदे उडवले आणि म्हणाला, तुमचे वडील बरोबर प्रश्न विचारतात. हे भाषांतर करताना मला उगाचच अभिमान वाटला.

आवाराच्या कडेला काँक्रीटचा एक करडा चौकोनी ठोकळा आहे, वेड्यावाकड्या अंतरानं खिडक्या असलेला. २००६ मध्ये जपानी वास्तुविशारदांनी बांधलेला. त्याच्या भिंती इतक्या पातळ ठेवता आल्या, कारण खाणीतून सुमारे हजार मीटर खोलीवरून उपसलेल्या कोमट पाण्याच्या उष्णतेवर भिंतीतल्या नळ्या गरम ठेवायची योजना केली होती. एरवी जे पाणी फुकट नदीत जायचं त्याचा हा उपयोग. बाबांना हे सांगितल्यावर हेडगिअर, नारिंगी जिना, युनेस्को सगळं मागं पडलं. त्यांनी भिंतीला तळवा लावला, मग दुसरीकडं लावला. आमच्या खाणीतलंही पाणी कोमट असायचं, हिवाळ्यात वरच्यापेक्षा खालीच बरं वाटायचं, असं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. इतक्या वर्षांत घरी कधीच नाही. पंपाच्या डिलिव्हरी पाइपाला पाठ टेकून ते डबा खायचे, गरम लागायचा म्हणून.

नंतरच्या आठवड्यात मी त्यांना बोखुमच्या खाण संग्रहालयातही नेलं. तिथं संग्रहालयाच्या खाली एक नकली खाण आहे, खरोखर जमिनीत खणलेली, गॅलऱ्या, यंत्रं, आधाराचे खांब सगळं हुबेहूब, फक्त तिथून कोळसा कधी निघालेला नाही. दाखवण्यासाठीच केलेली. तिथं माणसाला खाली गेल्याचं समाधान मिळतं. मला मिळालं. बाबांनी आत शिरल्यावर सवयीनं वर हात करून बोटाच्या पेरानं छत ठोकलं आणि कान दिला. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर सुटलेलं. मग चालत राहिले. बाहेर आल्यावर विचारलं, कशी वाटली? "छत चांगलं आहे. पण कोरडी आहे पार. कोरडी खाण मी नाही पाह्यली."

जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ च्या डिसेंबरात बॉट्रोपला बंद झाली. शेवटचा कोळशाचा तुकडा राष्ट्राध्यक्षांच्या हातात देण्यात आला, मोठी माणसं रडली, मीही टीव्हीवर बघताना रडले. त्याच्या पुढच्याच वर्षांत जहाजांतून परदेशी कोळसा येतच होता, आणि माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर लिग्नाइट या तपकिरी कोळशासाठी ल्युत्सेराथ नावाचं गाव २०२३ च्या जानेवारीत पोलिस लावून रिकामं केलं गेलं. स्मारक एकीकडं आणि उकरणं दुसरीकडं. यावरून जर्मन लोकांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. माझ्या भावाचं घर अजून कोळशावरच चालतं, तो ओपनकास्टमध्ये, म्हणजे वरून उघड्या खाणीत, डंपर चालवतो.

आमच्याकडं खाणी बंद पडतात तेव्हा कुणाच्या हातात काही देत नाहीत. वरोऱ्याची खाण इंग्रजांच्या काळात चालली, तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा टाकला गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बंदही झाली. आज वरोरा म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं, खाण नाही. नागपूरजवळ सावनेरला पर्यटकांना खाण दाखवायचा उपक्रम निघाला, तो चांगलाच. पण बहुतेक ठिकाणी उरतात ते मातीचे डोंगर आणि पाणी भरलेला खड्डा. बाबांची इन्क्लाइन बंद झाली तेव्हा शेवटच्या दिवसांत खाली फक्त पंपवाले आणि थोडे फिटर होते. सगळ्यात खालचा पंप आधी काढायचा, त्याचे पाइप सोडायचे, वरच्या टप्प्यावर यायचं. मागून पाणी येतंच. मग तो पंप. असं एकेक टप्पा सोडत वर यायचं. बाबा सांगतात की पाणी धावत येत नाही, भरतं. सकाळी जिथं टूल बॉक्स ठेवला होता ती जागा संध्याकाळी ओली दिसते, एवढंच. शेवटचा पंप बाहेर काढून ट्रकवर चढवला, आणि त्याच महिन्यात कॉलनीच्या नळाला पाणी येईनासं झालं. कारण इतकी वर्षं कॉलनी जे पीत होती ते खाणीचंच उपसलेलं, गाळून पाठवलेलं पाणी. बंद करणाऱ्यांच्या हिशेबात ते आलंच नव्हतं. दोन उन्हाळे टँकरवर निघाले.

एसेनहून परतल्यावर बाबांनी गावात काय सांगितलं कोण जाणे, पण सरपंचांचा मला फोन आला. जर्मनीसारखं आपल्याकडं काही करता येईल का? उद्यान, बोटिंग, लॅम्प रूमचं छोटं संग्रहालय, सेल्फी पॉइंट. मी उत्साहानं सांगायला लागले की आधी जे उभं आहे ते भंगारात जाऊ देऊ नका, लॅम्प रूमची रॅक, हाजरीचे पितळी बिल्ले, पंपाची लॉग बुकं कुणाकडं असतील तर गोळा करा, कामगारांची नावं लिहून काढा. बिल्ले बऱ्याच घरांत निघतील, आमच्या घरातच दोन आहेत. सरपंच हो हो म्हणाले. नंतर कळलं की गावात दोन तट पडलेत. तरुण मंडळी बोटिंगच्या बाजूनं. म्हातारे म्हणतात, खाणीत एवढं पाणी साठलंय तर उन्हाळ्यात ते तपासून घेऊन शेतीला आणि कॉलनीला द्या, बोटी नंतर फिरवा.

अर्ज तयार झालाय. पर्यटनाचा मुद्दा त्यात आहे, दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्या क्रमांकावर पंप आहे. किती हॉर्सपॉवरचा, हेड किती धरायचा, डिलिव्हरी किती इंची, जागेवर खलाशी किती लागतील आणि कोणत्या पाळीला, सगळं बाबांनी वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो मला पाठवला. मी फक्त टाइप करून द्यायचं आहे. खाली एक ओळ वेगळी लिहिलीय, माझ्यासाठी: त्यात तुझं काही घालू नको.